कॅमेऱ्याचा भाता

एखाद्या यंत्राचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी बहुधा त्याच्या चकाकत्या भागाकडे धाव घेते. छायाचित्रणाच्या इतिहासाचेही असेच झाले आहे. भिंग कोणी घासले, रौप्यक्षारांचा लेप कागदावर आणि काचेवर कोणी दिला, पहिली चित्रे कोणी घेतली, ह्यांच्या हकिकती पुष्कळ उपलब्ध आहेत. परंतु भिंग आणि फिल्म ह्यांच्यामध्ये जो काळोख लागतो, तो सांभाळणाऱ्या घडीच्या कातडी पिशवीसाठी ग्रंथकार सहसा चार ओळीही खर्च करीत नाहीत. इंग्रजीत तिला बेलोज म्हणतात. आपल्याकडे लोहाराच्या आणि बाजाच्या पेटीच्या वारा घालण्याच्या साधनास जो शब्द आहे तोच तिलाही शोभतो : भाता. संस्कृतातील भस्त्रा, म्हणजे कातड्याची पिशवी, ही ह्या शब्दाची जननी. लोहाराचा भाता वारा कोंडतो आणि कॅमेऱ्याचा भाता अंधार कोंडतो. घड्या पडणे, आखडणे, पसरणे आणि शेवटी घडीच्या कोपऱ्यावर झिजून फुटणे, हा दोघांचाही जीवनक्रम एकच.

हा विषय आम्ही चेन्नईत बसून निवडला आहे, ह्यास कारण आहे. कातडे, दमट हवा, जुने छायाचित्रण आणि हातचे कसब ह्या चारही गोष्टी ज्या एका शहराच्या इतिहासात एकमेकींना भेटतात, असे हे शहर आहे. नोकरीच्या निमित्ताने येथे आलेल्या मराठी माणसास मद्रास म्हणजे सचिवालय, बंदर आणि फार तर कपालीश्वराचे देऊळ एवढेच प्रथम दिसते. भात्याच्या निमित्ताने ह्या शहराच्या काही वेगळ्या गल्ल्यांत वाचकांस घेऊन जावे, असा आमचा हेतू आहे.

प्रथम भात्याची जन्मकथा. १८३९ साली डागेरची पद्धती पॅरिसमध्ये जाहीर झाली तेव्हाचा कॅमेरा म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन लाकडी पेट्या होत्या. चित्र स्पष्ट करण्यासाठी भिंग आणि पट्टिका ह्यांतील अंतर कमीअधिक करावे लागे आणि त्यासाठी मागील पेटी पुढे-मागे सरकवीत. ही व्यवस्था चोख होती, परंतु भारी वजनाची होती. त्याच वर्षी बॅरन सेगिए ह्या फ्रेंच गृहस्थाने प्रवासी उपयोगासाठी लाकडाच्या जागी घडीचा भाता योजला. तथापि ही युक्ती सार्वत्रिक होण्यास आणखी पंधरा-वीस वर्षे जावी लागली. १८५६ मध्ये रॉयल इंजिनिअर्स दलातील कॅप्टन फ्रान्सिस फौक ह्याने भात्याच्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी किनिअर नावाच्या स्कॉटिश वास्तुशास्त्रज्ञाने भात्यास निमुळता आकार दिला. मागे रुंद व पुढे अरुंद असा भाता मिटला म्हणजे त्याच्या घड्या एकमेकींवर न चढता एकमेकींच्या आत बसतात आणि दीड हात लांबीचे यंत्र वीतभर जाडीत मावते. सैन्यातील अभियंता आणि घरे बांधणारा वास्तुशास्त्रज्ञ ह्या दोघांनी हा प्रश्न सोडवावा, ह्यात नवल नाही. दोघांनाही सामान उचलून दूरवर न्यावे लागत होते.

नेमक्या ह्याच सुमारास छायाचित्रणाने हिंदुस्थानात बाळसे धरले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू नारायण दाजी हे त्या संस्थेतील प्रारंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक होत. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून बाहेर पडले. मद्रासेत ह्या विद्येचा आश्रयदाता झाला तो एक डॉक्टर. सर्जन अलेक्झांडर हंटर ह्याने १८५० साली स्वतःच्या खर्चाने येथे कलाशाळा काढली. पुढे ती सरकारने आपल्या ताब्यात घेतली. चित्र, मातीकाम आणि कोरीवकाम ह्यांच्या जोडीस तेथे छायाचित्रणही शिकविले जाऊ लागले. ह्याच दशकाच्या उत्तरार्धात मद्रासची फोटोग्राफिक सोसायटी निघाली. हंटरची ती शाळा आज शासकीय ललित कला महाविद्यालय ह्या नावाने चालू आहे. पूनमल्ली रस्त्यावरून, म्हणजे आजच्या पेरियार रस्त्यावरून, एगमोरकडे रोज जाणाऱ्या आमच्यासारख्या कित्येकांस तिच्या लाल इमारतीचा हा पूर्ववृत्तांत ठाऊक नसतो.

सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांस लिनिअस ट्राइप ह्याची हकीकत विशेष जिव्हाळ्याची वाटावी. कंपनी सरकारच्या मद्रास पलटणीतला हा अधिकारी १८५५ मध्ये ब्रह्मदेशास गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर छायाचित्रकार म्हणून गेला आणि १८५६ मध्ये मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमला गेला. सुमारे बारा इंच रुंद व पंधरा इंच लांब अशा कागदी निगेटिव्हांवर तो काम करी. ते जड सामान बैलगाडीवर घालून तो श्रीरंगम्, मदुराई, पुदुक्कोट्टई, तंजावर असा हिंडला. तंजावरास तो गेला तेव्हा भोसल्यांची गादी नुकतीच संपली होती. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा विस्तीर्ण मराठी इतिहास शिळेवर कोरविला, तो आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच देवळाच्या जोत्यावर चोळकालीन तमिळ लेख आहेत. ट्राइपने त्या लेखांची एकवीस छायाचित्रे घेऊन एकमेकांस जोडली आणि एकोणीस फुटांहून लांब अशी एक सलग पट्टी तयार केली. एवढ्या लांबीत कोठेही अक्षर तुटू नये, म्हणून प्रत्येक वेळी कॅमेरा त्याच अंतरावर आणि त्याच उंचीवर मांडावा लागला असला पाहिजे. त्यामागे किती चिकाटी असेल ह्याचा विचार करावा.

आणि ह्या चिकाटीचा शेवट कसा झाला? १८५९ मध्ये सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन मद्रासचे गव्हर्नर होऊन आले. खर्चात काटछाट करणे हे त्यांचे पहिले काम होते, आणि छायाचित्रण हा त्यांच्या दृष्टीने चैनीचा विषय ठरला. खाते बंद झाले. कचेरीतल्या कोणासही हा क्रम अपरिचित नाही. नेमणूक होते, उपकरणे येतात, मनुष्य कामात रंगतो, आणि एके दिवशी वरून आलेल्या एका टिपणीने सर्व आवरले जाते. ट्राइपची चित्रे वाचली आणि आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ती मानाने ठेवली आहेत. त्याच्या कॅमेऱ्याची निगा राखणाऱ्या, पेट्या वाहणाऱ्या, उन्हात तडकलेले लाकूड व कातडे सांधणाऱ्या मद्रासी हातांची मात्र एकही ओळख मागे उरली नाही.

ते हात किती आवश्यक होते, हे येथील हवेत राहणाऱ्यासच कळेल. लंडन अगर ड्रेस्डेन येथे तयार झालेला भाता तेथील कोरड्या खोलीत वीस वर्षे टिके. मद्रासेत समुद्रावरची खारट ओल, कार्तिकातला पाऊस आणि वैशाखातले ऊन ह्यांच्या माऱ्यात तो फार लवकर खंगे. सरस सुटे, बुरशी धरे आणि कसर लागे. म्हणून युरोपातील कारखानदारांनी पुढे उष्ण देशांसाठी निराळे कॅमेरे काढले. सागवानाची चौकट, कोपऱ्याकोपऱ्यास पितळेच्या पट्ट्या, आणि भात्यास रशियन कातडे. हे कातडे भूर्जवृक्षाच्या तेलाने कमावलेले असे, आणि त्याच्या उग्र वासाने किडे दूर राहतात असा लौकिक होता. सागवान बहुधा आपल्याकडचे, कातडे रशियाचे, भिंग जर्मनीचे आणि किंमत मात्र इंग्लंडची, असा तो चौरंगी संसार होता.

ह्यात एक विलक्षण विरोध आहे. जगाला पातळ कातडे पुरविणारे एक मोठे बंदर त्या काळी मद्रास हेच होते. मेंढ्यांची व बकऱ्यांची कातडी येथे कमावून, अर्धवट तयार स्थितीत, गठ्ठ्यांनी विलायतेस जात. ती कमावण्याचे मुख्य द्रव्य म्हणजे आवारम् ह्या झुडपाची साल. हे आवारम् म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या देशावरील माळरानात पिवळ्या फुलांनी बहरणारा तरवड होय. इंग्रज व्यापाऱ्यांनी ह्या सालीस ‘टर्वर’ असे नाव दिले. तमिळ मुलखातल्या मालास त्यांनी नाव घेतले ते आपल्या बाजूचे, हे पाहून गंमत वाटते. सालीने कमावून झाल्यावर कातड्यास हिरड्याच्या पाण्याचा शेवटचा हात देत. हे काम शहरात पेरियामेट भागात केंद्रित झाले होते. सेंट्रल स्टेशनाच्या पाठीमागच्या ह्या वस्तीत कातड्याचा व्यापार अजून चालतो.

ह्या मद्रासी कातड्याची कीर्ती मात्र एका बाबतीत डागाळली. ग्रंथांच्या बांधणीची कातडी इतकी लवकर का कुजतात, ह्याचा शोध घेण्यासाठी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने एक समिती नेमली होती. तिच्या १९०१ मधील अहवालाने हिंदुस्थानातून येणाऱ्या ह्या कातड्यास, ज्यास बाजारात ‘पर्शियन’ म्हणत, पुस्तकबांधणीसाठी अत्यंत वाईट ठरविले. काही पुस्तके तर वर्षाच्या आत खराब झालेली आढळली. कारण रासायनिक होते. तरवडाच्या सालीतील कषाय ज्या वर्गात मोडतो, त्या वर्गाचे कातडे प्रकाशाने आणि गॅसच्या दिव्यांतून निघणाऱ्या गंधकाम्लाने लाल पडून त्याचा भुगा होतो. सुमाकाच्या पानांनी कमावलेले कातडे ह्यापेक्षा कितीतरी टिकाऊ. हिरडाही त्याच सुमाकाच्या वर्गातला. म्हणजे ज्या हिरड्याचा येथे केवळ शेवटचा हात फिरे, त्याचे प्रमाण वाढते तर कदाचित निकाल वेगळा लागता. पण माल स्वस्त हवा होता आणि तरवड माळावर मुबलक होता. जुन्या भात्यांना हात लावल्यावर बोटांस जी तांबूस भुकटी लागते, तिच्यामागे अशी एक व्यापारनीती दडलेली आहे.

ह्या कातड्याच्या धंद्यास नवे वळण लावण्याचा प्रयत्नही मद्रासच्या त्याच कलाशाळेतून झाला. आल्फ्रेड चॅटर्टन ह्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने प्रथम तेथे ॲल्युमिनियमची भांडी घडविण्याचे काम सुरू केले आणि १९०३ च्या सुमारास क्रोम पद्धतीने कातडे कमावण्याचे प्रयोग आरंभिले. त्याचे पहिले लक्ष्य होते विहिरीवरची मोट. सालीने कमावलेली मोट सतत पाण्यात राहून सडे. क्रोमची मोट अधिक टिके. पुढे शहराच्या दक्षिणेस क्रोम कातड्याचा खाजगी कारखाना निघाला आणि त्याच्यावरून त्या उपनगराचे नाव क्रोमपेट पडले. उपनगरी गाडीने तांबरमकडे जाताना हे स्थानक लागते. एका रासायनिक धातूचे नाव धारण करणारी स्थानके जगात थोडीच असतील.

मग क्रोमचे कातडे भात्यास का वापरू नये? येथे कारागिराचे ज्ञान रसायनशास्त्राच्या एक पाऊल पुढे जाते. क्रोमचे कातडे पाण्यास व उष्णतेस दाद देत नाही हे खरे, पण ते घडीसही दाद देत नाही. दाबून ठेवले तरी सोडताच फुगते. सालीने कमावलेले कातडे एकदा घातलेली घडी जन्मभर विसरत नाही, पण ते कुजते. भाता करणाऱ्यास ह्या दोन अवगुणांतून एक पत्करावा लागतो.

कॅमेरा परदेशातून विकत घ्यावयाचा, तो बिघडला की परदेशी पाठवावयाचा, ही अवस्था ज्यांना सहन झाली नाही, अशा माणसांत आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर अग्रगण्य होत. बंधू आनंदराव १९१६ मध्ये निवर्तल्यावरही त्यांनी उद्योग सोडला नाही आणि दामल्यांच्या साह्याने १९१८ च्या सुमारास स्वतः चलच्चित्रणाचा कॅमेरा सिद्ध केला. त्यावर १९२० चा ‘सैरंध्री’ निघाला. त्याच्या थोडे आधी मद्रासेत नटराज मुदलियार ह्यांनी दक्षिणेतील पहिला मूक कथापट काढला. त्यांचा कॅमेरा विलायती होता, पण तो चालविण्याची विद्या ते शिकले पुण्यास, एका इंग्रज कॅमेरामनजवळ. त्यांच्या चित्रपटाचे नाव ‘कीचकवधम्’. कोल्हापूर आणि मद्रास ह्या दोन्ही ठिकाणी आरंभासाठी महाभारतातला एकच प्रसंग निवडला गेला, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

परंतु भात्याच्या इतिहासातले आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मद्रासेत घडले नाही आणि कोल्हापुरातही नाही. ते घडले त्रावणकोर संस्थानातील अलप्पुळा, म्हणजे जुन्या अलेप्पी, गावी. १९४० नंतरच्या दशकातली गोष्ट. एका स्टुडिओच्या मालकाच्या कॅमेऱ्याचा भाता फाटला. नवा मिळण्याचा संभव नव्हता. त्या गृहस्थाने विचार केला की, भाता तो भाता. पेटीचा जो दुरुस्त करतो त्याला कॅमेऱ्याचाही करता आला पाहिजे. म्हणून तो वाद्ये तयार करणाऱ्या एका घरी गेला. त्या घरातील के. करुणाकरन् ह्या तरुणाने भाता दुरुस्त करून दिला. काम करताना यंत्र सबंध उघडलेले होते, आणि ते पाहता पाहता त्याच्या मनात आले की हे सगळेच आपल्यास का करता येऊ नये? त्यातून सागवानी चौकटीचा, पितळी खिळ्यापट्ट्यांचा, मोठ्या आकाराचा स्टुडिओ कॅमेरा तयार झाला. त्याचे नाव सरस्वतीवरून ठेवले ‘वागीश्वरी’. भिंगे बाहेरून मागवीत. बाकी सर्व घरचे. पुढे कित्येक वर्षे देशभरच्या स्टुडिओंत हा कॅमेरा तिपाईवर उभा होता. आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी शाळेच्या किंवा लग्नाच्या छायाचित्रासाठी काळ्या बुरख्याखालच्या ज्या यंत्रासमोर श्वास रोखला असेल, त्यांत एखादे वागीश्वरी असणे अगदी शक्य आहे.

ह्या हकिकतीस एक सरकारी पार्श्वभूमीही आहे. बाजाची पेटी हे वाद्य परकीय आणि हिंदुस्थानी श्रुतींना अनुकूल नाही, ह्या मुद्द्यावरून आकाशवाणीने १९४० पासून तिच्यावर बंदी घातली होती. ती १९७१ पर्यंत टिकली. ज्या दशकात सरकारी ध्वनिक्षेपकाने पेटीस दार बंद केले, त्याच दशकात पेटीच्या भात्याचे कसब दुसऱ्या दाराने बाहेर पडून एक स्वदेशी कॅमेरा निर्माण करून गेले. कसबाला खाते नसते. ते एका विभागातून दुसऱ्या विभागात बदलीच्या हुकमावाचून जाते.

आता झटपट छायाचित्राकडे वळू. एडविन लँड ह्या अमेरिकन संशोधकाने काढलेला पहिला पोलरॉइड कॅमेरा, मॉडेल ९५, हा १९४८ च्या नोव्हेंबरात बोस्टनमधील एका मोठ्या दुकानात विक्रीस आला. (त्याच वर्षी मद्रासेत अड्यार येथे केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेची स्थापना झाली.) मिनिटभरात हातात चित्र येते, ह्या गोष्टीचे तेव्हा जगास मोठे आश्चर्य वाटले. परंतु इतके आधुनिक यंत्र उघडले की आत दिसे तो जुनाच घडीचा भाता. असे का व्हावे? त्यावेळी पस्तीस मिलिमीटरचे लहान कॅमेरे भात्यावाचून चालत होते. ह्याचे उत्तर साधे आहे. लहान कॅमेऱ्याचे निगेटिव्ह मागाहून मोठे करता येते. झटपट चित्रात ‘मागाहून’ हा शब्दच नाही. कॅमेऱ्यातून निघते ते अंतिम चित्र. तेव्हा हाती धरण्याजोगे चित्र हवे असेल तर कॅमेऱ्याच्या पोटातच तेवढ्या आकाराची जागा हवी. सव्वातीन इंच रुंद व सव्वाचार इंच लांब कागदास पुरेल असे १३५ मिलिमीटरचे भिंग म्हणजे सुमारे साडेतेरा सेंटिमीटर अंतर. आणि एवढी पेटी खांद्यास अडकवावयाची तर ती मिटली पाहिजे. म्हणून भाता. १९६३ मध्ये पॅकफिल्मचे कॅमेरे आले, १९७२ मध्ये एसएक्स-७० हा चपटा मिटणारा नमुना आला, तरी भाता राहिलाच. फक्त कातड्याऐवजी कृत्रिम द्रव्यांचा झाला.

झटपट चित्र एकच असते. बहुतेक प्रकारांत निगेटिव्ह उरत नाही, दुसरी प्रत निघत नाही. भात्याच्या कोपऱ्यास सुईच्या अग्राएवढे छिद्र असेल तर साध्या कॅमेऱ्यात एक चौकट वाया जाते; येथे तो प्रसंगच वाया जातो. शिवाय ही फिल्म आता दुर्मीळ झाली आहे. जुन्या कॅमेऱ्यांची रोल फिल्म १९९२ मध्ये बंद पडली, पोलरॉइडने २००८ मध्ये आपले उत्पादन थांबविले, आणि सोलून काढावयाच्या पॅकफिल्मचे शेवटचे मोठे उत्पादक फुजी ह्यांनी २०१६ मध्ये ते काम आवरल्याचे जाहीर केले. म्हणून आज जे लोक असे कॅमेरे चालवू पाहतात, ते पाठीमागचा भाग बदलून दुसऱ्या आकाराची फिल्म बसवितात. तो भाग बदलता येतो, शटर साफ करता येते. भाता मात्र सहसा तयार विकत मिळत नाही. तो हाताने करावा लागतो.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी असा कॅमेरा आहे. वडिलांनी परदेशच्या नेमणुकीवरून आणलेला. त्याचा भाता येथील हवेने खाल्ला होता. तो नव्याने करताना आम्ही शेजारी बसून जे पाहिले व शिकलो, ते थोडक्यात सांगतो. कारण अनेक बदल्या सोसलेल्या आपल्या घरांतील ट्रंकांत असे कॅमेरे पुष्कळ असतील.

जुना भाता टाकून द्यावयाचा नाही; तोच नकाशा होय. तो सावकाश उलगडून प्रत्येक पदराची रुंदी टिपून घ्यावी. निमुळत्या भात्याची प्रत्येक बाजू म्हणजे एक समलंब चौकोन. असे चार चौकोन शेजारी शेजारी आखावे आणि जोड खालच्या बाजूच्या मधोमध येईल अशी योजना करावी, कारण तेथे तो दिसत नाही व घासत नाही. काळे, दाट विणीचे पातळ कापड अस्तरासाठी पसरावे. त्यावर पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि दोन पट्ट्यांमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोकळी जागा सोडावी. हीच पुढे घडी होते. शेजारच्या दोन बाजूंच्या घड्या एकमेकींच्या उलट असतात. एक बाहेर येते तेथे दुसरी आत जाते. त्यासाठी पट्ट्यांची टोके तिरकी कापावी लागतात, आणि भात्याचे सगळे आयुष्य ह्या तिरक्या कापावर अवलंबून असते. टोक लांब राहिले तर कोपरा फुटतो. आखूड झाले तर कोपरा लोंबतो. वरून पातळ तासलेले कातडे किंवा बांधणीचे कापड चढवावे.

जाडीचा हिशेब आधी करावा. तिन्ही थर मिळून ०.६ मिलिमीटर झाले आणि पदर तीस असले, तर मिटलेला भाता १८ मिलिमीटर होतो; त्यात जोडाची दुहेरी जाडी वेगळी. कॅमेऱ्याच्या झाकणाखाली तेवढी जागा नसेल तर सुंदर झालेला भाताही निरुपयोगी. चिकट अगदी वाळण्यापूर्वी मोठ्या टोकाकडून एकेक घडी चिमटीने घालीत जावे, मिटवून रात्रभर वजनाखाली ठेवावे. मग अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत दिवा धरून सर्व बाजूंनी पाहावे. एकही चांदणी दिसता कामा नये.

ह्या कामासाठी लागलेले कातडे पेरियामेटच्या एका दुकानातून आले, पुठ्ठा व कापड जॉर्ज टाउनमधल्या एका बाइंडराकडून, आणि तिरक्या कापाची युक्ती त्याच बाइंडराने दाखविली. त्याने कॅमेऱ्याचा भाता पूर्वी पाहिला नव्हता. परंतु पुस्तकाच्या पाठीवर कातडे तासून कोपरा कसा मोडावा, हे त्याच्या बोटांस ठाऊक होते. अलेप्पीच्या पेटीवाल्यास जे सुचले, ते त्यासही विनासायास सुचले.

आमचे म्हणणे येथवर आले आहे की, यंत्राचा इतिहास हा केवळ शोधकांचा इतिहास नव्हे. तो दुरुस्ती करणाऱ्यांचाही इतिहास आहे, आणि आपल्या देशापुरता तर तो बहुतांशी त्यांचाच आहे. भिंगाचे आणि रसायनांचे शोध बाहेर लागले. पण ती यंत्रे ह्या हवेत जिवंत ठेवली ती पेटीवाल्यांनी, बाइंडरांनी, चांभारांनी आणि सुतारांनी. ट्राइपच्या खात्याचे कागद आहेत, ट्रेव्हेल्यनचा हुकूम आहे, चॅटर्टनचे अहवाल आहेत. भाता सांधणाऱ्याचा मात्र कागद नाही, कारण त्याच्या कामाची फाइल कधी उघडलीच गेली नाही. जे नोंदले नाही ते घडले नाही, असे मानण्याची आम्हां कचेरीतल्या माणसांस सवय असते. ती सवय इतिहासलेखनात शिरली तर निम्मा इतिहास हातचा जाईल.

आज ही कसबे संपत चालली आहेत. पेटी दुरुस्त करणारे कमी झाले, हाताने पुस्तके बांधणारे कमी झाले, आणि कातडे हाताने तासणारे तर शोधून काढावे लागतात. ती वाचविण्यासाठी मोठी योजना आखावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या गावी आपली बदली झाली असेल, तेथे असा एखादा कारागीर आढळला तर त्याला काम द्यावे, शेजारी बसून ते पाहावे, आणि तो काय करतो, कोणत्या द्रव्याने करतो, त्या द्रव्यास त्याच्या भाषेत काय म्हणतात, एवढे वहीत टिपून ठेवावे. लिहिण्याची सवय आपल्याला आहे आणि कागदही आहे. आवारम् म्हणजेच तरवड, ही एवढीशी गोष्टदेखील कोणीतरी दोन्ही भाषा ऐकल्या म्हणूनच कळते, आणि परप्रांती राहणाऱ्या माणसाइतका दोन्ही भाषा ऐकण्याचा योग दुसऱ्या कोणास येणार?